उन्हात घातलेल्या सहा काचा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, सासूबाई होत्या तोवर त्यांना नाही, देवापुढे बसूनही पुरतं मनात आणलेलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पण पत्रापलीकडे मी कधी काही लिहिलं नाही. आज सुमीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी सापडली, म्हणून बसले आहे. तू कोण, मला ठाऊक नाही. कुणीतरी मैत्रीण समोर आहे असं धरल्याशिवाय शब्द सुचत नाहीत — आणि समोर खरंच कुणी असतं तर मी बोललेच नसते.

कुठून सुरुवात करू? कॅमेऱ्यापासून करते.

यांना फोटोंचा नाद होता. श्रीवर्धनात आमची सुपारीची वाडी, त्यामुळे खाऊनपिऊन सुखी, आणि वेळ हाताशी. गावात तसा नाद आणखी एकालाच होता, उमरभाईंना. मोहल्ल्यात त्यांचं कापडाचं दुकान होतं. भाऊ मुंबईला, तो आगबोटीने सामान धाडायचा. हे आणि उमरभाई शाळेतले सोबती. संध्याकाळी ते आमच्या ओटीवर येत आणि नवी आलेली वस्तू दोघांच्या मध्ये चटईवर ठेवली जाई. मी माजघराच्या दाराआड सुपारी कातरत ऐकत असे. उमरभाईंशी मी कधी एक शब्द बोलले नाही. पण त्यांचा आवाज मला माझ्या भावाच्या आवाजाइतका ओळखीचा होता.

आधी यांनी चामडी भात्याचा, घडी होणारा कॅमेरा घेतला. मग उमरभाईंनी तसाच, पण पितळी कड्यांचा. मग यांची शिसवी तिवई आली. मग उमरभाईंचा रबरी फुगा, जो दाबला की लांबूनच फोटो निघे. मग यांनी एक पिवळी काच मागवली.

"ही कशाला, नाना?" उमरभाईंनी यांना विचारलं.

"भिंगापुढे लावायची. ढग उठून दिसतात."

"चार म्हयने ढगच बघतो आपन. फोटोत पन त्येच?"

हे हसत. सासूबाई आतून म्हणत, "चाळिशी जवळ आली दोघांची, अजून खेळणी सुटत नाहीत."

त्या वर्षी उमरभाईंनी मुंबईच्या जुन्या बाजारातून तांबड्या काचेचा कंदील मागवला होता. त्या वेळी फोटो काचेवर काढीत, आणि त्या काचा अंधाऱ्या खोलीत, तांबड्या उजेडातच औषधात बुडवीत. यांनी तो कंदील उचलून फिरवून पाहिला. "सांध्यातून उजेड गळतोय याच्या. एक दिवस दगा देईल तुला."

"सांध्याला मेण लावीन, नाना. तुमचा कंदील नवा आसंल, पन माझा हात जुना हाय."

हा कंदील लक्षात ठेव. मी ठेवला होता.

त्या श्रावणात वन्सं बाळंतपणाला माहेरी आल्या. मनू त्यांचं नाव, यांची धाकटी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पहिली खेप. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरली — वेणी, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं शेवंतीचं आणि जाईचं. दुपारी पाऊस थांबला आणि हे कॅमेरा घेऊन अंगणात उतरले. तोंडावर उजेड कमी पडतो म्हणून उमरभाईंना पांढरं धोतर धरून उभं केलं, त्यावरून ऊन वन्संच्या चेहऱ्यावर पडावं म्हणून. उमरभाईंनी धोतर धरलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. परक्या घरची लेक, म्हणून.

वन्संना हसू आवरेना. "दादा, त्यांना सांग, धोतर जरा डावीकडे."

"ताई, हसू नका," भिंतीकडे बघतच उमरभाई म्हणाले. "हललात तर फोटोत दोन नाकं येतील."

त्या दिवशी सहा काचा भरल्या. पण औषधं संपलेली, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. पहिली बोट लागेपर्यंत थांबणं आलं. यांनी सहा काचा पेटीत घालून, वर दोरी बांधून माझ्या हाती दिल्या. "ही तुझ्या ताब्यात. ओल लागू देऊ नकोस. बुरशी धरली की संपल्या." इतकंच म्हणाले. उजेडाचं काही बोलले नाहीत. उजेडाचं कुणाला सांगावं लागतं, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

मला आनंद झाला होता. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्यांच्या हौसेतली एक वस्तू पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती.

भाद्रपदाच्या शेवटी ऊन उघडलं. आमच्याकडे त्या दिवसांत घरातली चीज न् चीज बाहेर काढतात. गाद्या, पोथ्या, ट्रंकेतली लुगडी, बरण्यांची झाकणं — चार महिन्यांची ओल सगळ्यांतून काढायची असते. हे मुरुडला दस्ताच्या कामाला गेले होते. मी कपाट उघडलं तर पेटीच्या कागदावर पांढरी बुरशी.

मला अगदीच ठाऊक नव्हतं असं म्हणू? खोटं होईल. उमरभाईंकडे खिडक्यांना गोणपाटं लावतात, तांबडा कंदील लावतात, हे मी दाराआडून शंभरदा ऐकलं होतं. पण मला वाटे, तो अंधार औषधांसाठी लागतो. असं खरंच वाटे — की त्या दिवशी वाटून घेतलं? इतक्या वर्षांनी मलाच सांगता येत नाही.

मी दोरी सोडली. सहा काचा, दुधासारख्या. चित्र काही दिसेना. म्हटलं, आत असेल. सुपात मांडल्या आणि अंगणात ठेवल्या. वर निरगुडीचा पाला घातला, कीड लागू नये म्हणून, धान्यात घालतो तसा. वन्सं पायरीवर बसल्या होत्या, नववा सरत आलेला.

"वैनी, दादाला विचारलंस का?"

"त्यांनीच सांगितलंय, ओल लागू देऊ नकोस म्हणून."

तेव्हा त्यांनीही हात घातला. मी पाला चुरडून पसरला होता. त्यांनी एक अख्खं पान निवडलं, निरगुडीचं पाच बोटांचं, आणि एका काचेच्या मधोमध नीट पसरून ठेवलं. "ही माझी काच. हिच्यावर माझा पंजा."

संध्याकाळी काचा आत घ्यायला गेले तर दुधाचा रंग उडालेला. जांभळाचा डाग पडतो तशा झाल्या होत्या सगळ्या. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी पाला झटकला, काचा पेटीत घातल्या, दोरी होती तशी बांधली.

"दादा आला की सांग हो," त्या म्हणाल्या.

"सांगते," मी म्हटलं.

हे दुसऱ्या दिवशी आले. आठवडा गेला. वन्सं रोज माझ्या तोंडाकडे बघत, मी नजर चुकवीत असे. मग त्यांना कळा लागल्या. दोन दिवस अडल्या होत्या. मुलगी वाचली. वन्सं गेल्या.

आणि तू विचारशील — त्यांच्या उशाशी बसले असताना माझ्या मनात काय होतं? रडत होते, खरं रडत होते. पण त्या रडण्याच्या तळाशी एक गोष्ट गार होऊन बसली होती. काचांचं ठाऊक असणारं आता कुणी उरलं नाही. हे मी लिहून टाकते आहे, कारण तेच सगळ्यांत वाईट आहे, आणि तेच मी सगळ्यांत जास्त लपवलं.

सुतकातच बोट लागली, औषधं आली. यांनी पेटी उमरभाईंच्या हातात दिली. "माझा हात थरथरेल. तूच कर. मनूचा एवढाच फोटो आहे." खरंच, लहानपणापासून वन्संचा दुसरा फोटो नव्हता. तेव्हाही मी दाराआडच होते. तेव्हाही सांगता आलं असतं.

चौथ्या दिवशी उमरभाई आले. ओटीच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "नाना, काचा काळ्या झाल्या. सगळ्या."

हे उठले आणि पुन्हा बसले.

"पेटी कुनी उघडली नव्हती ना, नाना? घरात?"

यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. "पेटी उघडली होतीस?"

"नाही," मी म्हटलं.

एवढाच शब्द. मला दाराच्या फटीतून उमरभाईंचे हात दिसत होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती, तिच्या कडेवरून बोट फिरवीत होते. मग म्हणाले, "मग माझ्याकडूनच झालं. कंदिलातून उजेड गळला आसंल."

"मी तुला सांगितलं होतं," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यानेच मला भीती वाटली. "तेव्हा तुला थट्टा सुचली. भंगारातला कंदील घेऊन बसलास, आणि त्याखाली माझी बहीण घातलीस."

"नाना—"

"पुन्हा या ओटीवर येऊ नकोस."

इथवर नुसता भित्रेपणा म्हणता येईल. पण मी तिथे थांबले नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई चुलीपाशी रडत म्हणाल्या, "उमर तर हाताचा केवढा स्थिर, त्याच्याकडून असं कसं झालं गो?" त्यांच्या मनात शंका होती. आणि मी — जी कधी आपणहून बोलत नाही, ती मी — म्हटलं, "त्या कंदिलाचं हे आधीपासून म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही." त्यांनी मान हलवली. मी बोलत नाही, म्हणून बोलले की माझं खरं धरतात. आठवड्याभरात ते गावभर झालं. वर लोकांनी आपापली भर घातली — परक्याच्या हाती घरची लेक द्यावीच कशाला, वगैरे. मी तसं म्हटलं नव्हतं. पण दार मीच उघडून दिलं होतं.

महिन्याभराने उमरभाई आले. हे वाडीत होते. ओटीवर चढले नाहीत, खालूनच एक गाठोडं कडेला ठेवलं.

"वैनी, नानांच्या वस्तू हायत. पिवळी काच, काळं फडकं." मग थोडं थांबून, "वरचं पुडकं तुमचं हाय."

मी दाराआड उभी. ते लगेच गेले नाहीत. किती थांबले असतील? मला वाटतं, मी एखादा शब्द बोलावा इतका वेळ थांबले. मग त्यांच्या वहाणांचा आवाज वाळूवरून गेला.

पुडक्यात सहांतली एक काच होती. ही काळी ठिक्कर झालेली नव्हती, करड्या रंगाची राहिली होती. कशी, ते त्यांनाच ठाऊक. तिच्या मधोमध निरगुडीचं पान उमटलं होतं. पाच बोटं, शिरांसकट. उन्हात ठेवल्याशिवाय पान असं उमटत नाही.

म्हणजे त्या दिवशी ओटीवर येण्याआधीच त्यांना कळलेलं होतं. पेटी कुणी उघडली का, हे त्यांनी मला बोलता यावं म्हणून विचारलं होतं. आणि मी नाही म्हटल्यावर तो कंदील त्यांनी आपल्या डोक्यावर घेतला. का, ते मी शोधत नाही. शोधायचा मला हक्क नाही.

यांनी पुन्हा कॅमेरा हातात धरला नाही. भात्याला बुरशी लागली, तिवईचे पाय मांडवाला लावले. उमरभाईंनी आपलं सामान मुंबईला भावाकडे धाडलं, असं ऐकलं. दोघं आजही एका गावात राहतात. समोरून आले तर एक जण गल्ली बदलतो.

सुमीला, वन्संच्या त्या मुलीला, मी वाढवलं. ती मला मामी म्हणते, पण वागते लेकीसारखी. लहान असताना विचारायची, आई कशी दिसायची? मी सांगे — नाक असं, हनुवटी तुझ्यासारखी. ती आरशात बघून म्हणे, "मला नाही जमत मामी, माझंच तोंड दिसतं." मोठी झाली तशी गावातल्या लोकांकडून तिला कंदिलाची गोष्टही कळली. गेल्या साली बाजारात उमरभाई समोरून आले. दाढी पांढरी झाली आहे, काठी आहे. ते सुमीकडे बघून थबकले. तिने मान फिरवली आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली, "याच माणसाने माझी आई पुसली." त्यांनाही ऐकू गेलं. मी पदर पुढे ओढला आणि तिच्या मागून चालत राहिले.

या माघात तिचं लग्न आहे. पाऊस संपल्यावर तिनेच माझी ट्रंक उन्हात काढली आणि तळाची ती काच तिच्या हाताला लागली. तिने ती सूर्यासमोर धरली.

"मामी, हा कुणाचा हात आहे?"

"हात नव्हे, निरगुडीचं पान आहे."

"किती नीट ठेवलंय. कुणी ठेवलं?"

तुझ्या आईने. दोन शब्द होते. पण ते म्हटले असते तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

"काय की," मी म्हटलं. "जुनं काहीतरी आहे."

"मला देशील? मला आवडलं हे."

दिली. तिने ती फडक्यात गुंडाळून आपल्या लुगड्यांत ठेवली आहे. ती सासरी जाईल तेव्हा काच तिच्याबरोबर जाईल. तिच्या आईच्या हातचं तेवढंच आहे, आणि ते तिला ठाऊक नाही, कारण मी सांगितलं नाही.