पांढऱ्यावर पांढरा फोटो

दुसऱ्याच्या अडचणीसाठी रांगेतला आपला नंबर तुम्ही शेवटचा कधी सोडलात? मी कधीच सोडला नव्हता. आमच्या मुरबाडच्या घरात देवघर नव्हतं, चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते. हक्काचं मागून घ्यायचं, कृपेची वाट बघायची नाही, हे मी त्यांतूनच शिकले. पाठीवर पिशवी टाकून परदेशात हिंडायला निघाले, तेव्हा गुडघ्यांनी अधू झालेल्या आईने विहारातली अर्धी जळलेली मेणबत्ती हातात दिली. उरलेली अर्धी पौर्णिमेला परदेशातल्या एका मोठ्या स्तूपापाशी लावायची, एवढंच तिचं मागणं होतं.

तो स्तूप ज्या देशात, त्याच्या बँकॉकमधल्या वकिलातीत माझा व्हिसाचा अर्ज परत आला. फोटोमागची भिंत पांढरी हवी, हा नियम मी पाळला होता. पण फोटो काढला होता वंदनेहून येताना, आम्ही विहारात नेसतो त्या पांढऱ्या साडीत. भिंतीत खांदे विरघळून गेले होते, नुसतं डोकं तरंगत होतं. सगळ्या प्रती तशाच. बाराला खिडकी बंद होणार, पुढे तीन दिवस सुट्टी आणि त्यातच पौर्णिमा. मी आईला फोन लावला.

"रडतेस कशाला गो? खिडकीवाल्याला भाषन नाय ना ठोकलंस?"

"ठोकलं."

"मंग! आता गप ऱ्हा जरा. बघ कोन हाय का आजूबाजूला."

मी गप्प राहिले. रागाच्या मागे इतकी शांतता असते, हे मला ठाऊक नव्हतं. पंख्याचा आवाज दूर गेला, उन्हात धूळ तरंगत होती, आणि रांगेत आपल्या नंबराची वाट बघत उभी असलेली एक म्हातारी बाई माझ्या हातातला फोटो बघत होती. तिने स्वतःची गडद निळी ओढणी माझ्या खांद्यांवर टाकली, हात धरला आणि मला गल्लीतल्या फोटोच्या दुकानात नेलं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. आम्ही स्वप्नातल्यासारख्या चालत होतो.

परतलो तेव्हा बाराला दोन मिनिटं होती. माझा अर्ज आधी तपासलेला, म्हणून तो घेतला. तिचा नंबर मात्र निघून गेला होता. खिडकी बंद झाली. मी नुसते हात जोडले. तिने पिशवीतून एक मेणबत्ती काढून माझ्या हातात ठेवली, तेव्हा कळलं, तिलाही त्याच स्तूपापाशी जायचं होतं. मग ती हलकेच म्हणू लागली, "बुद्धं सरणं गच्छामि." पुढची ओळ माझ्या तोंडून आली. तेच शब्द, जे आई रोज संध्याकाळी म्हणते.

संध्याकाळी व्हिसा मिळाला. पौर्णिमेला मी दोन्ही मेणबत्त्या शेजारी शेजारी लावल्या. याला चमत्कार म्हणायचं की नाही, यावर मला वाद घालायचा नाही. माझ्या हक्कासाठी मी आजही भांडते. पण त्या दिवशी जे मिळालं ते भांडून मिळालं नव्हतं, कुणीतरी आपलं सोडलं म्हणून मिळालं होतं. तिचं नावही मला माहीत नाही, त्यामुळे ते तिला परत करता येत नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. उद्या मुरबाडच्या कचेरीत असा कुणाचा कागद परत आला, तर एकदा आपला नंबर सोडा आणि त्याच्यासोबत झेरॉक्सच्या दुकानापर्यंत चालत जा.