उलटा बाण

बी.एस्सी.ला माझ्यासोबत दिघोरीचा एक जण होता. सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रियांत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे वाकडे बाण काढायचा सराव तो मिळेल त्या जागेवर करायचा. ताटातल्या वरणात, ओल्या बाकावर, एकदा तर झोपलेल्या मित्राच्या पाठीवर. "बाण इलेक्ट्रॉनपासूनच निघते," असं तो सगळ्यांना दटावून सांगायचा.

पेपरच्या सकाळी लाखांदूरच्या स्टँडवर मी त्याला वहीतली एक अभिक्रिया दाखवून विचारलं, "यातून पानी नेमकं कसं बाहेर पडते बे?" त्याने भंडाऱ्याच्या एसटीच्या मागच्या धुळीवर बोटाने अख्खी अभिक्रिया काढून दाखवली. मला ती पहिल्यांदाच समजली. तेवढ्यात घंटी वाजली. मी कसाबसा चढलो, गाडी सुटली आणि तो मागून धावू लागला. मी ओरडून गाडी थांबवली, तरी तो दाराकडे येईना. मागे उभा राहून काहीतरी पुसत होता.

"अरे, गाडीत चढून राहिला का गाडी पुसून राहिला?" कंडक्टर कावला.

शेवटी तो धापा टाकत माझ्या शेजारी येऊन बसला.

"एक बाण उलटा निघाला होता," तो म्हणाला. "भंडाऱ्यापर्यंत मागच्या गाडीवाल्यायनं तसाच पाठ केला असता ना!"