मांडीवरची डिस्क

खामगावच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी प्रिंटरची शाई घ्यायला गेलो होतो. तिथे पन्नाशीच्या एक बाई आपला कॉम्प्युटर उघडून बसल्या होत्या. भरतकामाच्या मशीनसाठी त्या त्यावर नक्ष्या काढत. जुनी सिस्टीम रडतखडत चालायची, म्हणून नवी टाकायची होती.

"जुनी पुसून टाकू ना, ताई," दुकानदार म्हणाला.

"पुसाची काऊन? पंधरा वर्साच्या नक्ष्या हायेत त्याच्यात. नवीसाठी मी दुसरी डिस्क आणली."

त्यांनी स्वतःच पेचकस घेतला, जुनी डिस्क सोडवली आणि पदरात गुंडाळून मांडीवर ठेवली. "आता माहा हात चुकला तरी इले काई होत नाई."

नव्या डिस्कवर सिस्टीम चढू लागली. भाषा विचारली तेव्हा त्यांनी ठसक्यात मराठी निवडली. पडद्यावरचे टक्के त्या मोठ्यानं वाचू लागल्या आणि शाई विसरून मीही वाचू लागलो. शंभर होताच 'स्वागत' उमटलं. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.

खरी धाकधूक पुढेच होती. जुनी डिस्क परत जोडून त्यांनी तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू केला. पडदा काळाच राहिला. बाईंचा हात गळ्यातल्या पोतीवर गेला. मग जुनी सिस्टीम उघडली आणि तिच्यातली त्यांची पहिली नक्षी, वाकड्या मानेचा हिरवा मोर.

नवं आलं की जुनं पुसायची मला सवय. मी त्या मोराकडे बघतच राहिलो.

"नवीवर आधी काय काढणार?" मी विचारलं.

"लांडोर," त्या हसून म्हणाल्या. "पंधरा वर्सं एकटा हाय ना तो!"