अकोल्याला नेलेला रेकॉर्डिंगचा डबा

आमच्या घरात रेकॉर्डिंगवाला डबा आला तो क्रिकेटसाठी. छपरावर डिश बसवली आणि टीव्हीखाली हा काळा सेट टॉप बॉक्स. दुकानदारानं यांना सांगितलं होतं की चालू कार्यक्रम थांबवता येतो, मागे नेता येतो, आपण घरी नसलो तरी डबा आपला आपण रेकॉर्ड करून ठेवतो. आपण घरी नसलो तरी, हे ठीक. अमरावतीत वीजच घरी नसली तर काय, हे त्यानं सांगितलं नाही. भारनियमनाचे दिवस होते. सकाळी जायची, दुपारी जायची, आणि मॅचची शेवटची षटकं आली की हमखास जायची. त्यामुळे डब्यामागोमाग इन्व्हर्टरही आला. एवढं सगळं करून आमच्या यांनी त्या रिमोटवरची तीन बटणं वापरली. बाकीची पंचवीस-तीस बटणं कंपनीनं शोभेला दिलीत, असं त्यांचं ठाम मत होतं.

मला राग यायचा. वस्तू पैसे मोजून घेतली आहे तर ती पुरती वापरायला नको? मी दुपारी बसून ते माहितीपुस्तक वाचलं. मराठी सोडून बाकी सगळ्या भाषा त्यात होत्या, म्हणून हिंदीत वाचलं. एकेक बटण दाबून पाहिलं. चित्र थांबवून पुढच्या खुणेचं बटण हलकेच दाबलं की टीव्ही एकच पाऊल पुढे सरकतो, हे मला त्यातूनच कळलं. माणूस पापणी मिटतो ना, ती अर्धी मिटलेली दिसते. यांना दाखवलं तर म्हणाले, "याचा उपयोग काय?"

उपयोग लवकरच कळला.

माझं माहेर नांदगाव खंडेश्वरच्या बाजूचं. काळी जमीन, कापूस, तूर. आमचं बरं चाललं होतं, म्हणजे खाऊन-पिऊन सुखी, इतरांसारखीच थोडी ओढाताण. त्या वर्षांत आमच्याकडच्या गावांत टीव्हीवाल्यांच्या गाड्या फार यायच्या. काहून यायच्या ते सगळ्यांना माहीत होतं. एरवी शाळेचं छप्पर उडालं तरी कोणी फिरकलं नव्हतं. आमच्या आईच्या भिंतीला भिंत लागून जे घर आहे, त्या घरात त्या उन्हाळ्यात व्हायला नको ते झालं होतं. कर्जापायी घरधनी गेला. मागे बायको आणि लग्नाची मुलगी राहिली. गाडी आली ती त्या घरासाठी. त्या बाईनं कॅमेरा बघितला आणि आतून कडी घातली. बराच वेळ वाजवूनही तिनं काही दार उघडलं नाही.

मग गाडीवाले भिंतीच्या अलीकडे आले. आमच्या अंगणात आई वर्षाचं तिखट कुटत होती. उखळ, मुसळ, बाजूला देठ खुडलेल्या मिरच्यांचा ढीग. माईक पुढे आला तशी आई बोलायला लागली. तिला बोलायला कोणी सांगावं लागत नाही. कापसाच्या भावाबद्दल बोलली, पंपाला रात्रीचीच वीज का देता म्हणून बोलली, आणि शेजारणीला त्रास देऊ नका म्हणून त्यांनाही दोन शब्द सुनावले. संध्याकाळी तिचा फोन आला. "अवं, मी टीव्हीवर येऊन राह्यली! उद्या रातच्या बातम्यायमदी. त्या डब्यात धरून ठेव मले."

डबा भरलेला होता. सगळ्या मॅचेस. त्यांतली एक पुसायला हे तयार होईनात. हरलेलीसुद्धा ठेवायची म्हणे, अभ्यासाला. कशाचा अभ्यास? मी सरळ सगळ्यात जुनी मॅच पुसली आणि आईला जागा केली. वीज गेलीच, पण इन्व्हर्टर धरून राहिला.

बातमी लागली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचा एक शब्दही नव्हता. कापूस नाही, पंप नाही, काही नाही. आईचा फक्त चेहरा, जवळून घेतलेला. ती हात उचलते आणि डोळे पुसते. तेवढंच, सावकाश केलेलं, पुन्हा पुन्हा. मागे रडकं संगीत. वरून एका बाईचा भिजलेला आवाज, की या माउलीच्या अश्रूंना उत्तर कोण देणार. खाली लाल पट्टी, तीत गावाचं नाव आणि 'उद्ध्वस्त संसार'. कोणाचा संसार? माझा बाप त्या वेळी तिथंच गोठ्याजवळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता, धडधाकट!

यांचं तोंडही उतरलं. हळूच म्हणाले, "आई खरंच रडल्या का गं?"

फोन सुरू झाले. मामाचा, मावशीचा, वर्धेच्या आत्याचा. प्रत्येकाला आधी रडायचं होतं आणि मग विचारायचं होतं की झालं काय. आईनं कोणालाच धड उत्तर दिलं नाही, नुसती संतापून फोन आपटत राहिली. पण खरा फोन मला आला, मध्यस्थांचा. माझ्या धाकट्या बहिणीचं अकोल्याला जमत आलं होतं. मुलगा चांगला, नोकरीचा. बघणं झालं होतं, पसंती झाली होती, सुपारी फोडायची तेवढी बाकी होती. बहिणीनं त्याच्याशी दोनदा फोनवर बोलून घेतलं होतं आणि तेव्हापासून ती घरात गुणगुणत फिरायची. मध्यस्थ घसा खाकरत म्हणाले, "बातमी त्यायनं पाह्यली. आता त्यायचं मन मांगंपुढं होऊन राह्यलं. म्हंतात, घरात काई लपवेल हाये का? बापाले काई झालं का? उद्या पोरीवर बी तसाच परिणाम…"

पुढचं मी ऐकलं नाही. एका बाईच्या चेहऱ्यावर संगीत चढवलं आणि माझ्या बहिणीचं जमलेलं मोडायला आलं. आणि आम्ही काय म्हणणार? आई रडत नव्हती असं आम्ही म्हणणार, आणि टीव्हीत तर ती रडताना दिसते. माणसं आमच्यावर विश्वास ठेवतील की टीव्हीवर?

दुपारी मी रिमोट घेऊन बसले. थांबवलं. एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे. डोळे दुखेपर्यंत. त्या लोकांनी तुकडा कापताना सुरुवातीला जरासं ढिलं सोडलं होतं. लाल पट्टी खालून वर सरकायच्या आधी, आणि चेहरा जवळ आणायच्या आधी, डोळ्याला कळणारही नाही एवढा वेळ सगळी आई दिसत होती. चालू टीव्हीत ते नुसतं हललं म्हणून निघून जायचं. थांबवून पाहिलं तर उखळ दिसलं. मुसळाचं टोक दिसलं. आईचे दोन्ही तळवे अंगापासून लांब धरलेले, मनगटापर्यंत लाल. आणि डोळे पुसले होते ते दंडानं. पुढच्या एका चित्रात तिचे दात दिसत होते. ती हसत होती. कोणाला तरी. कोपऱ्यात एक माणूस तोंडावर रुमाल दाबून वाकलेला होता, तिखटाचा खाट बसून ठसकलेला. कॅमेऱ्याबरोबरचाच कोणीतरी असणार.

मी मोठ्यानं हसले आणि लगेच रडायला आलं, रागानं.

हे फोनवर सांगून कोणाला पटणार? दाखवायला हवं होतं. पण त्या डब्यातून ते बाहेर काढायची सोय नाही. ना सीडीवर निघत, ना कशात. आपल्या घरात, आपल्या विजेवर, आपण धरून ठेवलेलं, आणि ते कंपनीच्या कुलपात. मग मी डबाच उचलला. मध्यस्थांकडून कळलं होतं की अकोल्याच्या त्या घरी याच कंपनीची डिश आहे. डबा चादरीत गुंडाळला, रिमोट पर्समध्ये टाकला आणि एसटीत बसले. यांना सांगितलं तर म्हणाले, "आज मॅच आहे." बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत डबा मांडीवर होता. शेजारच्या बाईनं चादर बघून विचारलं, "लेकरू झोपलं का?"

अमरावतीचं भारनियमनाचं वेळापत्रक मला तोंडपाठ होतं. अकोल्याचं वेगळं असतं हे डोक्यातच आलं नाही. मी दारात पोचले आणि वीज गेली. त्यांच्याकडे इन्व्हर्टर नव्हता. नुसतं बसले. मुलाच्या आईनं पाणी दिलं, चहा दिला, आणि चादरीतल्या डब्याकडे बघत राहिली. मुलाचे वडील पेपर उलटा-सुलटा करत होते. कंपनीवर, वीज मंडळावर, त्या बातमीवर मला एवढं बोलायचं होतं, पण मुलीकडचे आम्ही, म्हणून मी चहा चांगला झाला म्हणाले.

वीज आल्यावर मुलानं त्यांचा डबा काढून आमचा जोडला. पडदा बराच वेळ निळा राहिला, मग चित्र आलं. मी बातमी लावली. संगीत सुरू झालं तशी मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. मी मागे नेऊन थांबवलं आणि एकेक पाऊल पुढे नेऊ लागले. काय बोलायचं ते सगळं मी एसटीत जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडायची वेळच आली नाही. ती बाई उठून टीव्हीजवळ गेली.

"थांबव, थांबव. अवं, हे रडून नाई राह्यली. पाह्य ना, दंडानं पुसते डोये! हात तिखटाचे हायेत. तिखटाचे हात डोयाले लावते का कोनी? अन् रडनारी बाई पदरानं पुसते, दंडानं थोडीच." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हे तं हासून राह्यली. तुमीच उगी घाबरवलं मले."

नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. मुलगा मान खाली घालून हसत होता. तिनं ते चित्र परत परत बघितलं आणि निघताना माझ्या हातावर साखर ठेवली. सुपारीचा दिवस लवकर काढा म्हणाली.

मी अमरावतीला गेलेच नाही. डब्यासकट थेट माहेरी गेले. आई अंगणात तिखट चाळत बसली होती. मी सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून. मुलाचे वडील पेपर कसा धरून होते, ती बाई टीव्हीला नाक लावून कशी उभी राहिली, सगळं. बहीण दाराआड ऐकत होती, तिच्या बांगड्या वाजल्या. आई हसेल असं मला वाटलं होतं. तिनं चाळणी थांबवली.

"म्हंजे मी हासत होती म्हून पोरगी चालते त्यायले."

"तसं नाई, आई. त्यायले शंका आली होती, ते गेली."

"कायची शंका?" आईचा आवाज चढला. "मी रडली असंन, हेच ना? अन् मी खरंच रडली असती तं? तं माही पोरगी खराब झाली असती?"

मी म्हटलं, "आता झालं ना वं चांगलं. कायले उकरून काढतं?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती. तिचा आवाज एकदम खाली आला, पलीकडे ऐकू जाऊ नये इतका.

"भिंतीपलीकडच्या पोरीची माय तं खरंच रडली. तिच्यासाटी कोनता डबा नेशीन तू अकोल्याले?"

चादरीतला डबा मी पायाशी ओढून घेतला. आई पुन्हा चाळायला लागली. दंडानं डोळे पुसून तिनं चाळणी आपटली, आणि त्या वेळी ते तिखटानं होतं की कशानं, हे मला इतक्या जवळून बघूनही सांगता येईना. भिंतीपलीकडचं दार आतून बंदच होतं.