ढवळणी थांबली ती दुपार

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड सांगलीच्या पत्त्यावर आलं तेव्हा मी कॉलेजात शिकवायला निघाले होते. अण्णा गेले. झोपेतच, असं त्यांच्या मुलीनं लिहिलं होतं. चपला पायात तशाच ठेवून मी उंबऱ्यावर बसून राहिले...

नव्वदीच्या सुरुवातीला एम.एस्सी. करून मी साताऱ्यातल्या एका छोट्या रसायन कारखान्यात लागले. लष्करातून निवृत्त झालेले अण्णा तिथं रिॲक्टर, म्हणजे रसायनांची क्रिया घडवायची बंद टाकी, सांभाळत. आमचं काम एस्टरच्या संघननाचं. इथाइल ॲसिटेटमध्ये सोडियमचे तुकडे टाकायचे; एस्टरचे दोन रेणू जोडले जातात, हायड्रोजन नळीवाटे बाहेरच्या तेलाच्या बाटलीत बुडबुड्यांनी निघतो. सोडियम पुरतं संपल्यावरच पाणी मिसळलेलं आम्ल आत सोडायचं. आधी सोडलं तर स्फोट. परीक्षेत हे मी सुरेख लिहिलं होतं.

त्या दुपारी बुडबुडे थांबलेले पाहून मी कागदावर ‘क्रिया पूर्ण’ लिहून सही केली आणि अण्णांना आम्लाचा व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं. ते हललेच नाहीत. “मॅडम, मोटार वाजतीया, पर ढवळणी फिरत न्हाई. सोडियम तळाला तसंच बसलंय.” मी काचेतून डोकावले. आतला द्रव निश्चल होता. ढवळणी पुन्हा जोडून सुरू करू का, असं मी विचारलं. “समदं एकदम उसळंल. तुमी मान्सं भायेर काढा.”

सगळे बाहेर गेले. मी दाराशीच खिळले. अण्णांनी मोटार बंद केली आणि ढवळणीचा दांडा हातानं पाव फेरा फिरवला. बुडबुड्यांची बाटली खदखदली. ती शांत होईपर्यंत थांबले, मग पुन्हा पाव फेरा... असे दोन तास. मध्येच एकदा जोरात फुत्कार आला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते तिथंच होते, दांडा धरून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत.

सगळं निवल्यावर ते भिंतीला टेकून खाली बसले. चहाचा कप त्यांना धरवेना. मीच तोंडाशी धरला. पलटणीतला माणूस, त्याला कसली भीती, असं आम्ही समजायचो. “रोज भ्या वाटतं, मॅडम. फाटकातनं आत येतानाच.” मग म्हणाले, “ढवळणीचं मी सांगतो सायबास्नी. सहीचं तुमी सांगा.”

नोकरी जाईल अशी धास्ती होती, तरी मी साहेबांना सांगितलं. नोकरी राहिली, पण महिनाभर मला रिॲक्टरपाशी जायची बंदी झाली. बंदी उठली त्या दिवशी अण्णा मला घ्यायला फाटकापर्यंत आले होते.

गेल्या आठवड्यात सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळच्या त्यांच्या गावी जाऊन आले. मुलीनं खोली दाखवली. खाट दारासमोर. दाराला आतून कडी नव्हती. “कंपनीत लागले तवाच काढून टाकली,” ती म्हणाली. “पेटलं तर कडी शोधत बसाया नगं, म्हनायचे.” लाकडात स्क्रूंची चार भोकं तेवढी राहिली होती. मी दार ओढून घेतलं आणि बोटानं लोटून पाहिलं. ते लगेच उघडलं.