मांडीवर भांडं घेतलेली बाई

दक्षिणेतल्या ऊर्जा आणि पर्यावरण संस्थांचं जाळं उभारायची टूम नव्वदच्या दशकात निघाली, आणि पहिली बैठक बंगळुरात, जयनगरच्या एका सभागृहात भरली. माझ्या शेजारी होसकोटेकडची एक बाई मांडीवर काळंकुट्ट भांडं घेऊन बसली होती. तिच्या घरची बोलीही मराठीच; मी घरी मराठी बोलतो हे कळल्यावर ती मोकळी झाली.

"गावात बिनधुराच्या चुली बांधल्या, अण्णा. नाचणीचं हे भांडं त्यांवर बसतच नाही. सोमवारी उरलेल्या घरांत बांधणार, त्याच साच्यानं. चुलीचं तोंड स्वल्प मोठं करा म्हणून सांगायला आले."

साचा ठरवणारे गृहस्थच बैठकीचे निमंत्रक होते. पण सकाळभर जाळ्याला 'मंच' म्हणावं की 'आघाडी', यावर वाद चालला. 'मंच' शब्दात उच्चनीचता आहे, असं एका विद्वानांनी व्यासपीठावरून सांगितलं. प्रत्येक भाषण संपलं की बाई भांडं सावरत अर्धवट उठायची आणि पुन्हा बसायची.

दुपारी निमंत्रक म्हणाले, "अम्मा, वेळ संपली. तुमचा अनुभव अहवालात घेऊ."

बाई सरळ व्यासपीठावर गेली, भांडं त्यांच्यापुढे ठेवलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "एवढं माप घ्या."

दोन मिनिटांचं काम होतं. निमंत्रकांनी भांडं दोन्ही हातांनी उंच धरलं, "हीच आपली प्रेरणा!" म्हणाले आणि फोटोवाल्याला खूण केली. सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

फोटो निघाल्यावर बाईनं हात पुढे केला.

"सरी, ठीक आहे. द्या आता. संध्याकाळी यातच शिजवायचंय, जुन्या चुलीवर."