गप्प पिल्लं

माझी मावशी काजं-बटणं करते. शिंप्यांकडून कपड्यांचा गठ्ठा आला की मागच्या खिडकीशी तिचं मशीन सुरू होतं आणि दुपारच्या उन्हात त्या घरघरीने अशी गुंगी चढते की घड्याळ चालतंय की थांबलंय, कळत नाही. परसातलं एखादं बदक आत येतं, तिच्या पावलांवर मान टाकून झोपतं. मग पाय हलवायची सोय नाही. मशीन बंद, मावशीलाही डुलकी. शिंपी वैतागतात.

तिची लाडकी पांढरी. गेल्या वर्षी बाहेरून अंडी आणून मावशीने ती पांढरीखाली उबवली. तिला माद्या हव्या होत्या. पिल्लं जरा मोठी झाल्यावर, जी कलकलाट करायची ते टारगट नर, असं तिने ठरवलं आणि मागच्या गल्लीतल्या औषधवाल्याच्या बायकोला देऊन टाकले. घोगरं पुटपुटणारी पाच गप्प पिल्लं मात्र गुणाच्या लेकी म्हणून घरात राहिली.

बदकांत सगळं उलट. गळा काढते ती मादी. नराचा आवाज बसलेला. गुणाच्या लेकींच्या शेपटीवर नरांचं वळलेलं पीस उगवलं, तेव्हा मावशीने कपाळाला हात लावला.

"मुलगी म्हणजे गप्प, हे तुला कुणी शिकवलं गं?" मी विचारलं.

"सगळ्यांनीच," ती म्हणाली.

हसून झालं. पण दिवस उबदार झाले आणि पाचही नर पांढरीच्या मागे लागले. एका नराला चार-पाच माद्या हव्यात. इथे पाचांत ती एकटी. तिच्या मानेवरची पिसं गेली, कातडी रक्ताळली, ती पाण्यात उतरेनाशी झाली.

"मरेल ती," काका म्हणाले. "नर देऊन टाक."

पण नर मागणारा चुलीवर पातेलं चढवूनच येतो. हाताने भरवलेली पोरं तिथे कशी धाडायची? औषधवाल्याची बायको माद्या परत देईना. चार माद्या, तिचा आधीचा एक नर, रोजची अंडी. तिचं छान चाललं होतं.

मावशीने पांढरीला आत, मशीनखाली ठेवलं. बाहेर बघते तर पाचही नर सावलीत एकमेकांना टेकून झोपलेले. मादी नजरेआड, तर भांडणही नाही. जायचं कुणी, ते मावशीला कळलं.

संध्याकाळी आम्ही मागच्या गल्लीत गेलो. पांढरी मावशीच्या कुशीत होती. तिथल्या हौदात सोडल्यावर ती क्षणभर थबकली, मग मान बुडवून तिने पाठीवर पाणी उडवलं. कितीतरी दिवसांनी. मावशीचे डोळे भरून आले.

"वाटेल तेव्हा भेटायला या," औषधवाल्याची बायको म्हणाली.

"नको," मावशी पदराने हात पुसत म्हणाली. "माझ्या अंगाला त्या पाचांचा वास येतो. ती घाबरेल."